ऊर्जा आणीबाणीचे नियोजन : केंद्र व राज्य

इंधन किंवा वीज यांचा पुरवठा एकाएकी खंडित झाल्यास तुटीचे वाटप व पुरवठ्याची पुनःस्थापना यांसाठी शासनाने आधीच केलेली व्यवस्था. भारतात ही जबाबदारी संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार विभागली गेली आहे. खनिज तेल हा विषय संघसूचीत, पाणी मुख्यतः राज्यसूचीत, तर वीज समवर्ती सूचीत (नोंद 38) येते.

1910 च्या भारतीय विद्युत् अधिनियमातील कलम 22-ब अन्वये विजेचे वाटप व वापर नियंत्रित करण्याचा अधिकार राज्य शासनास होता. 1948 च्या विद्युत् (पुरवठा) अधिनियमाने राज्य मंडळांची तरतूद केली; त्यानुसार 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाने मुंबई व तेथील उद्योगांचा वीजपुरवठा विस्कळीत झाला आणि एकाच स्रोतावर विसंबण्यातील धोका उघड झाला. 1973 मध्ये दगडी कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाल्यावर औष्णिक केंद्रे राज्याची, तर त्यांचे इंधन केंद्राच्या हाती, अशी स्थिती निर्माण झाली.

बीड जिल्ह्यात या विभागणीची खरी कसोटी लागली. पाटोदा तालुका बालाघाटाच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात असून मांजरा नदी तेथेच उगम पावते. तेथील विहिरींचे पाणी उपसण्यास वीज लागते, तर याच जिल्ह्यातील परळी येथे वीज निर्माण करण्यास पाणी लागते. दुष्काळात या दोन्ही गरजा एकाच वेळी अडतात. फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र संपूर्णपणे बंद ठेवावे लागले.

2003 च्या विद्युत् अधिनियमाच्या कलम 11 अन्वये असाधारण परिस्थितीत वीजकेंद्र कसे चालवावे, याचे निदेश संबंधित शासन देऊ शकते. 5 मे 2022 रोजी केंद्र शासनाने आयात कोळशावरील केंद्रांना असा निदेश दिला. राष्ट्रीय, प्रादेशिक व राज्य भारप्रेषण केंद्रे जाळ्याचा समतोल राखतात. तथापि निदेशाने इंधनाची सोय झाली, तरी पाण्याचा प्राधान्यक्रम राज्यालाच ठरवावा लागतो आणि त्यात पिण्याच्या पाण्याला पहिले स्थान असते. म्हणून पाण्याचा हिशेब न धरलेले ऊर्जानियोजन अवर्षणाच्या प्रदेशात अपुरे ठरते.