कोसल, मगध आणि मधली गणराज्ये

बुद्धकालीन सोळा महाजनपदांची नावे आपण पाठ करतो. परंतु कोसल व मगध या दोन बलाढ्य राज्यांच्या स्पर्धेत शेजारच्या गणराज्यांची काय गत झाली, याचा विचार क्वचितच होतो.

स्पर्धेचे मूळ काशीत होते. कोसलराज महाकोसलाने आपली कन्या बिंबिसारास देताना काशीतील एक गाव आंदण दिले. अजातशत्रूने पित्याचा वध केल्यावर पसेनदीने ते परत घेतले व युद्ध पेटले. संयुत्त निकायानुसार पसेनदी प्रथम पराभूत झाला. नंतर त्याने अजातशत्रूस जिवंत पकडले, त्याचे सैन्य काढून घेतले आणि त्यास सोडून दिले. पुढे कन्या वजिरा त्यालाच दिली आणि तेच गावही. गावकऱ्यांना कोणी विचारले नाही, हे सांगणे नकोच.

शाक्य हे कोसलाचे अंकित होते. अग्गञ्ञ सुत्तात भगवंतांनीच ते स्पष्ट केले आहे. शुद्धोदनास सम्राट म्हणून रंगविणाऱ्या चित्रकथांनी हे सत्य झाकून टाकले. बाबासाहेबांनी मात्र ते नेमके टिपले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्यास सिद्धार्थ विरोध करतो, तेव्हा कोसलराजाच्या संमतीवाचून संघ त्याला फाशी वा हद्दपारीची शिक्षा देऊ शकत नाही. संथागारात मतदान होते. मात्र शेवटचा शब्द श्रावस्तीचा! सिद्धार्थाच्या परिव्रज्येचा विचार या मर्यादित स्वातंत्र्याच्या संदर्भातच केला पाहिजे.

जातक अट्ठकथेतील प्रसंग अधिक बोलका आहे. पसेनदीने शाक्यकन्या मागितली. नकार देण्याचे बळ नव्हते आणि कुलाभिमान सुटत नव्हता. म्हणून महानामाची दासीपासून झालेली कन्या वासभखत्तिया पाठविली. दूतांची खात्री पटावी म्हणून महानाम तिच्याबरोबर एका ताटात जेवल्याचे सोंगही वठविले. तिचा पुत्र विडूडभ आजोळी आला, तेव्हा तो बसला ते आसन दुधपाण्याने धुण्यात आले. शाक्यांचा संहार त्या अपमानातून झाला, असे अट्ठकथा सांगते. कोसलाच्या वर्चस्वाइतकाच शाक्यांचा जातिगर्वही त्यांना भोवला, असे आमचे मत आहे.

वज्जींवर मगधाचा डोळा होता. अजातशत्रूचा अमात्य वस्सकार गृध्रकूटावर आला, तेव्हा भगवंतांनी आनंदाला उद्देशून वज्जींचे सात अपरिहाणीय धम्म सांगितले: वारंवार एकत्र जमणे, एकमताने कार्य करणे, वृद्धांचा मान राखणे, स्त्रियांवर बळजोरी न करणे इत्यादी. भगवंतांनी वस्सकारास युक्ती पुरविली, असा आक्षेप कोणी घेतात. तो टिकत नाही. भगवंतांनी गण कशाने टिकतो ते सांगितले. वज्जी युद्धाने जिंकता येणार नाहीत, ‘उपलापन’ आणि ‘मिथुभेद’, म्हणजे भुलवणूक व फूट, हेच उपाय उरतात, हा निष्कर्ष वस्सकाराचा स्वतःचा होता. गंगाकाठी पाटलिग्रामी वज्जींविरुद्ध तटबंदी उभारण्याचे कामही सुनीध व वस्सकार याच दोन अमात्यांकडे होते.

अट्ठकथेनुसार वस्सकाराने राजाशी भांडणाचे नाटक करून वैशालीत आश्रय मिळविला. एका लिच्छवीला बाजूला घेऊन क्षुल्लक काही विचारायचे आणि इतरांना संशय येऊ द्यायचा, एवढेच तो करीत राहिला. तीन वर्षांनी मगधाचे सैन्य आले तेव्हा वैशालीत भेरी वाजली. परंतु कोणीही जमले नाही.