छताखालच्या अँटेनेची कुळकथा

वऱ्हाडात संदेशाची तार आली ती कापसाच्या पाठोपाठ. १८५३ च्या तहाने निजामाच्या मुलखातला हा सुपीक प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला, आणि १८७० साली, त्या वेळी अकोला जिल्ह्यात मोडणाऱ्या खामगावचा फाटा खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. त्याच वर्षी समुद्राच्या तळातून आलेली तार इंग्लंडहून मुंबईला जोडली गेल्यामुळे लिव्हरपूलच्या पेढीवरचा भाव खामगावच्या अडत्याला आठवड्यांऐवजी तासांच्या अवधीत कळू लागला. याच वऱ्हाडच्या उत्तरेस गाविलगडच्या डोंगररांगांत राहणाऱ्या कोरकूंच्या पाड्यांपर्यंत मात्र ती तार गेली नाही, कारण तेथे विकत घेण्याजोगा कापूस नव्हता. संदेशवहनाची साधने आधी भावाकडे धावतात आणि माणसाकडे मागाहून येतात, ही गोष्ट ज्या साधनाची कुळकथा येथे सांगावयाची आहे त्याच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण ते साधन जन्मले मात्र अगदी उलट्या क्रमाने, भावासाठी नव्हे तर माणसाच्या जिवासाठी.

मुंबई-नागपूरच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या लांबलचक मार्गिकेत उभे राहून छताकडे पाहिले, तर दिव्यांच्या आणि धुराची वर्दी देणाऱ्या यंत्रांच्या ओळीत मधूनच एक पांढरी, वीतभर व्यासाची चकती दिसते. तिच्यात काही लुकलुकत नाही, तिचा आवाज होत नाही, आणि छताच्या आतल्या बाजूने अंगठ्याएवढ्या जाडीची एक काळी केबल तिला येऊन मिळते, हे खालून जाणाऱ्याच्या गावीही नसते. ती चकती म्हणजे आकाशक, सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दात अँटेना. आणि एका मोठ्या मनोऱ्यावरच्या प्रबळ आकाशकाऐवजी अशा अनेक दुर्बळ आकाशकांत लहरींची शक्ती वाटून देणारी जी रचना, तिला या धंद्यातली मंडळी आपल्याकडे ‘आयबीएस’, म्हणजे ‘इन-बिल्डिंग सोल्यूशन’, म्हणतात.

लहरींना भिंत अडवते, हा अनुभव तसा पुढचा. आरंभी जगाला विस्मय वाटला तो त्या भिंतीतून पार जातात याचाच. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बसूंनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या अदृश्य लहरी भिंतींतून पार पाठवून दूरच्या खोलीतील घंटा वाजवली आणि दारूची पूड पेटवून दाखवली. परंतु खडकाच्या पोटात शेकडो फूट खाली कोळसा खणणाऱ्या मजुराशी बोलावयाचे, किंवा बोगद्यात शिरलेल्या आगगाडीच्या चालकाला सूचना द्यावयाची, म्हटले म्हणजे या लहरींचा काही इलाज चालत नसे. तेव्हा अभियंत्यांनी जो उपाय योजला तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर विचार वाटतो. समाक्ष केबलीचे, म्हणजे मध्ये एक तार व तिच्याभोवती धातूचे वेष्टन अशा केबलीचे, सारे भूषण असे की आतील शक्ती तिने बाहेर सांडू नये. त्यांनी त्या वेष्टनालाच मोजून-मापून चिरा पाडल्या, म्हणजे केबल जेथवर जाईल तेथवर ती थोडी थोडी शक्ती पाझरत जाईल आणि बोगद्यातला प्रत्येक हात तिच्या सान्निध्यात राहील. मंक आणि विंबिग्लर या दोघांनी बोगद्यातील धावत्या गाड्यांशी संपर्क साधण्याविषयीचा आपला निबंध १९५६ साली प्रसिद्ध केला. पुढे बेल्जियममध्ये देलोन्य यांनी आणि ब्रिटनच्या कोळसा खाणींतील तंत्रज्ञांनी या पाझरत्या केबलीचे शास्त्र बसवले, व जपानच्या शिंकान्सेन गाड्यांनी तिला लोहमार्गाच्या कडेने मैलोगणती अंथरले.

जमिनीखाली असा संपर्क नसला तर काय होते, ते पुढे दिसले. १९८७ च्या नोव्हेंबरात, अठरा तारखेला, लंडनच्या किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकात आग लागून ३१ माणसे दगावली. त्या रात्री अग्निशामक दलाचे बिनतारी संच जमिनीखाली चालत नव्हते, आणि आत शिरलेल्या जवानांचा बाहेरच्या अधिकाऱ्यांशी संबंध तुटला होता. या दुर्घटनेशी काही संबंध नसताना, पण तिच्यानंतर महिन्याच्या आतबाहेर, अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील सालेह, रुस्ताको आणि रोमन या तिघांचा इमारतींच्या आतील विभागलेल्या आकाशकांवरील निबंध डिसेंबरच्या अंकात छापून आला. मोठ्या इमारतीत मधोमध एकच प्रबळ आकाशक ठेवला, तर जवळच्याला गरजेपेक्षा जास्त आणि दूरच्याला काहीच नाही अशी गत होते; शिवाय भिंतींवरून परतून येणाऱ्या लहरी मागेपुढे पोहोचून एकमेकींत कालवल्या जातात, आणि शब्द अस्पष्ट होतो. त्याऐवजी तीच शक्ती अनेक ठिकाणी थोडी थोडी सोडली, तर अंतरे लहान होतात, शक्ती कमी लागते आणि कालवाकालवही घटते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ही वाटणी प्रत्यक्षात कशी करतात हे ऊर्ध्व वर्धा किंवा काटेपूर्णा प्रकल्पाच्या पाटावर ज्याची शेती आहे, त्याला चटकन उमगेल. मुखाकडच्या शेतकऱ्याचे दार मोठे ठेवले, तर शेपटाकडच्याच्या वाट्याला चिखलच येतो. म्हणून आयबीएस बसवणारा कारागीर यंत्राच्या खोलीपासून निघालेल्या केबलीवर आरंभी ‘कपलर’ नावाचा असा जोड लावतो की जो मुख्य प्रवाहातून दहावा किंवा त्याहूनही लहान अंश काढून जवळच्या चकतीस देतो आणि उरलेला पुढे सोडतो. शेवटाकडे जाऊन मात्र तो ‘स्प्लिटर’ने प्रवाहाचे सरळ दोन समान भाग करतो. दर समान वाटणीस शक्ती निम्मी होते, तिला ते ‘तीन डीबी (डेसिबेल) गेले’ असे म्हणतात, आणि या वजाबाकीचा हिशेब कागदावर चुकला तर शेवटच्या मजल्यावरच्या रुग्णाच्या खाटेपाशी फोन मुका राहतो. इमारत फारच मोठी असेल, तर तांब्याऐवजी प्रकाशतंतूवरून संदेश नेऊन मजल्या-मजल्यावर त्याचे पुन्हा लहरींत रूपांतर करतात.

हे सारे तंत्र बाजारात आले, तेव्हा त्याच्याभोवती मक्त्यांचे राजकारणही आले. आपल्या देशात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले, आणि पुढे प्रत्येक कंपनीने आपापली केबल ओढण्यापेक्षा एका त्रयस्थाने एकच जाळे घालावे व सर्वांनी त्याचे भाडे द्यावे, ही कल्पना रुजली. कल्पना निर्दोष आहे. दोष उपजतो तो इमारतीचा मालक त्या त्रयस्थाचा इजाराच करून ठेवतो तेव्हा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१७ च्या जानेवारीतच, इमारतीत कोणत्याही सेवादात्यास मज्जाव नसावा, अशी शिफारस केली होती. तरीही मुंबईच्या भुयारी मेट्रो-३ मार्गावर त्रयस्थ कंपनीने घातलेले जाळे आणि दूरसंचार कंपन्यांना मान्य नसलेले त्याचे भाडे यांच्या जाबसालात २०२५ साली प्रवासी स्थानकांत फोनावाचून उभे राहिले. २०२२ साली आदर्श इमारत उपविधींत दूरसंचाराच्या तरतुदी आल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वास्तूंना त्यांच्या संपर्कसुविधेनुसार तारांकित श्रेणी देण्याचा विनियम निघाला. ज्या अकोल्यात उन्हाळ्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेथे ऊन परतवणाऱ्या, धातूचा सूक्ष्म लेप दिलेल्या काचा नव्या इमारतींना लागणारच; आणि तो लेप उन्हाबरोबर लहरींनाही परतवून लावत असल्यामुळे अशा शहरांच्या नगररचना कचेऱ्यांनी बांधकामाचा परवाना देतानाच केबलीच्या वाटा नकाशात दाखवून घ्याव्यात, असे मला आग्रहाने वाटते.

परंतु माझे मन घुटमळते ते मेळघाटात, आरंभी सांगितलेल्या गाविलगडच्या त्याच डोंगररांगांत. चिखलदऱ्याच्या पठारावर मनोरा उभा केला, तरी त्याखालच्या खोल दऱ्यांत त्याची लहर उतरत नाही. ती सरळ रेषेत जाते, आणि खोरे तिच्या सावलीत राहते. निवडणुकीच्या वेळी अशा ‘शॅडो’ भागातील मतदान केंद्रांसाठी बिनतारी संच आणि धावत निरोप नेणारी माणसे ठेवावी लागतात. एरवी मात्र अडलेल्या बाळंतिणीसाठी रुग्णवाहिका बोलवावयाची तर घरच्या कोणाला तरी रेंज शोधत टेकडी चढावी लागते. २०१६ साली धारणी तालुक्यातील हरिसाल हे देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले, आणि केंद्र शासनाने २०२२ च्या जुलैत देशातील संपर्कहीन अशा २४,६८० खेड्यांत फोर-जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या योजनेत भर उंच मनोऱ्यांवर आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत प्रत्येक मनोऱ्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, आणि वाकड्यातिकड्या खोऱ्यात एका उंच मनोऱ्याचा लाभ अर्धाच होतो. खाणीत आणि बोगद्यात जी युक्ती जन्मली ती अशाच, लहर न पोहोचणाऱ्या भूमीसाठी होती. मेळघाटातल्या हतरू गावच्या दवाखान्यापर्यंत प्रकाशतंतू नेऊन तेथून पुढे वाटेच्या वळणावळणाने आखूड खांबांवर लहान आकाशक बसवावेत, त्यांना सौर पट्ट्यांची वीज द्यावी, खर्च केंद्र शासनाच्या डिजिटल भारत निधीने सोसावा, आणि या कामाचा मक्ता देतानाच मसुद्यात अशी अट असावी की त्या तंतूवरून एकाच कंपनीचा नव्हे, तर सर्वांचा संदेश वाहील.