वेगाला लगाम



आमच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर तरुण कामगारांचा एक वाद हल्ली नेहमी रंगतो. शर्यतीच्या मोटारीचे इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत पळवावे, आणि त्यातील संगणकाने घातलेली मर्यादा वर सरकविली तर काय बिघडते, हा तो वाद. पोरे हुशार आहेत. दिवसभर त्यांच्याच हातून इंजिनाचे भाग घडतात. पण हा प्रश्न त्यांना वाटतो तितका नवा नाही. त्याला दोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या सातारा-सांगलीचाही वाटा आहे.

१७८८ साली जेम्स वॉटने आपल्या वाफेच्या इंजिनाला दोन फिरते गोळे जोडले. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची वाट अरुंद करीत. वेग उतरला की ती पुन्हा रुंद होई. याचेच नाव गव्हर्नर. ही कल्पना त्याने पवनचक्क्यांकडून उचलली होती. पुढे १८६८ मध्ये मॅक्सवेलसारख्या शास्त्रज्ञाने या गोळ्यांच्या गणितावर निबंध लिहिला, यावरून त्यांचे महत्त्व ध्यानी यावे.

१८९७ साली जर्मनीत डिझेलचे इंजिन यशस्वी झाले. या इंजिनात हवा मोकळी आत येते. ताबा ठेवावयाचा तो तेलावर. गव्हर्नर अडकला तर इंजिन स्वतःच्याच वेगाने उधळते. पिस्टनच्या रिंगा झिजून ते वंगणाचेच तेल पिऊ लागले, तर गव्हर्नरही हतबल होतो. मग एकच उपाय उरतो, हवेचे तोंड बंद करणे. विहिरीवरच्या जुन्या इंजिनवाल्यांना हे कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

ही इंजिने आपल्या मुलखात आली कशी? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. नांगर, चरक, पंप यांपासून निघालेला हा उद्योग १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीस तेलाच्या इंजिनांपर्यंत पोहोचला. इकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही इंजिने बनू लागली. कृष्णा-वारणेच्या काठी मोटेची कुरकुर थांबली ती या धुकधुकणाऱ्या यंत्रांमुळे. ती हळू चालत, पण वर्षानुवर्षे चालत. टिकाऊपणाचे रहस्य मर्यादेतच होते.

याचे कारण साधे आहे. वेग दुप्पट झाला की पिस्टन व कनेक्टिंग रॉडवरचा ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. शिवाय ठरावीक वेगापलीकडे व्हॉल्वची स्प्रिंग कॅमच्या मागे धावू शकत नाही. व्हॉल्व उघडा राहतो आणि पिस्टनवर आपटतो. शर्यतीच्या मोटारीतला संगणक मर्यादा आली की इंधन किंवा ठिणगी तोडतो. पण चालकाने भरवेगात चुकून खालचा गिअर टाकला, तर चाकेच इंजिनाला ओढून नेतात. तेथे इंधन तोडून काही साधत नाही.

पाण्याचेही तसेच. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळते. रेडिएटरचे दाबाचे झाकण व पाण्यात मिसळलेले रसायन यांमुळे ते त्याहून वर तग धरते. उष्णता फार वाढली तर संगणक शक्ती कमी करतो. परंतु पाणी गळून गेले असेल, तर उष्णता मोजणारा कोरड्या जागी राहतो आणि काटा खोटे सांगतो. इशारा देणाऱ्यावर विसंबावे, पण त्याचे तोंड पाण्यात आहे की नाही हेही पाहावे!

येथे आम्हांला उमेदवारीच्या दिवसांतील एक संध्याकाळ आठवते. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. चाचणीवरच्या इंजिनाचा काटा तांबड्यात गेला होता, पण गाडी भरावयाची होती म्हणून ते चालूच ठेवण्याचा हुकूम होता. शेवटी एका जुन्या कामगाराने पाणी घालण्यासाठी झाकण फिरविले. वाफेने त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये हे त्यांना ठाऊक नव्हते काय? आम्हांला त्यांनीच तर ते शिकविले होते. पण ते लागोपाठ दुसऱ्या पाळीवर उभे होते. इंजिनाला निदान काटा तरी होता; माणसाला तोही नव्हता.

माणसाचा काटा बसवावा लागला तो चळवळीने. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळविली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा लाभली. आठवड्याचे तास १९२२ मध्ये ६०, १९३४ मध्ये ५४, आणि १९४६ मध्ये ४८ झाले. १९४८ च्या कायद्याने ते ४८ तास कायम राखून दिवसाचे ९ ठरविले. प्रत्येक वेळी उद्योग बुडेल अशी ओरड झाली. उद्योग बुडाले नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत वाढविण्यास मान्यता दिली, तेव्हा आम्हांला हा सारा इतिहास आठवला. आठवड्याचा हिशेब तोच राहील, असे सांगितले गेले. पण बाराव्या तासाला हात कसा चालतो, हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

टपरीवरच्या पोरांना आम्ही एवढेच म्हणतो : बाबांनो, मर्यादा वर सरकविण्यापूर्वी ती ज्याने घातली त्याने काय पाहिले होते, ते विचारा. इंजिन फुटले तर दुसरे बसविता येते. झाकण उघडणारा हात मात्र दुसरा मिळत नाही.