चाकणचा किल्ला : एका दिवसाची सहल

युरोपांत जाऊन आलेल्या गृहस्थांच्या दिवाणखान्यांत बसलें म्हणजे तिकडील जुन्या शहरांच्या सहलींची हकीकत हटकून ऐकावयास मिळते. आईवडिलांबरोबर सकाळच्या आगगाडीनें निघावें, दिवसभर राजवाडे, देवालयें, वेशी पाहाव्या आणि दिवेलागणीला बिऱ्हाडीं परतावें, असा त्या सहलींचा परिपाठ असतो. व्हिएन्ना हें अशांपैकीं एक शहर. १६८३ सालीं तुर्कांच्या प्रचंड फौजेनें त्याला वेढा घातला, तटाखालीं सुरुंग पेरून बुरूज उडविले, आणि दोन महिने झुंज दिल्यावर पोलंडचा राजा सोबिएस्की मदतीस धांवून आला म्हणून तें शहर वांचलें. ज्या तटावर हें सारें घडलें तो तट मात्र आज शोधूनही फारसा सांपडत नाहीं. १८५७ नंतर तो पाडून तेथें रुंद राजरस्ता बांधण्यांत आला. तरीही तेथील बाप आपल्या मुलाला त्या रस्त्यावरून हिंडवितो आणि नसलेला तट दाखवितो.

व्हिएन्नाच्या त्या वेढ्याच्या तेवीस वर्षें आधीं असाच एक वेढा आपल्या अगदीं उंबऱ्याशीं पडला होता. त्यांतही सुरुंग होता, उडालेला बुरूज होता, दोन महिन्यांच्या आसपासची झुंज होती. नव्हता तो फक्त सोबिएस्की. तें स्थळ चाकण. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ३० किलोमीटरांवर, नाशिकच्या वाटेवर तें आहे. आणि पिंपरी-चिंचवडच्या माणसाला तेथें जाण्यास सारा दिवसही लागत नाहीं.

चिंचवडहून एखादा गृहस्थ आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन निघाला, तर त्यानें प्रथम पवनेच्या कांठीं मोरया गोसाव्यांच्या समाधीचें दर्शन घ्यावें. मग भोसरीवरून नाशिक रस्ता धरावा. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली कीं दुतर्फा कारखाने दिसूं लागतात. मोटारी, दुचाक्या, त्यांचे सुटे भाग, हें आजच्या चाकणचें वैभव. मुलगा साहजिकच भिंतींवरील पाट्या वाचण्यांत गढून जातो. त्यांत कांहीं जर्मन नांवेंही असतात. त्याला तसें वाचूं द्यावें. गांवांत शिरल्यावर कांद्याच्या बाजाराची गर्दी लागते, आणि त्या गर्दीला वळसा घालून गेलें म्हणजे ज्याला संग्रामदुर्ग म्हणतात तो किल्ला समोर येतो.

पहिल्या दर्शनीं मुलाची निराशा होते, हें कबूल केलें पाहिजे. सिंहगड किंवा राजगड पाहिलेल्या डोळ्यांना हा किल्ला किल्लाच वाटत नाहीं. तो भुईकोट, डोंगर नाहीं, कडा नाहीं, चढण नाहीं. पडका तट, कांहीं बुरूज, खंदकाच्या खुणा, आंत विष्णूचें मंदिर, आणि चहूंकडून भिडलेली वस्ती. परंतु ह्या सपाटीवरच खरी गोष्ट उभी आहे. डोंगरी किल्ल्याचें निम्में काम डोंगर करतो. येथें सारें काम माणसांना करावें लागलें.

चाकणचें महत्त्व शिवकालापेक्षां जुनें आहे. बहामनी सुलतानाचा सरदार मलिक-उत्-तुज्जार ह्यानें पंधराव्या शतकाच्या मध्यास येथेंच आपलें ठाणें केलें होतें. तो कोंकणच्या जंगलांत मारला गेला, आणि त्याच्या फौजेंतील जे जीव घेऊन चाकणला परतले त्यांची त्यांच्याच पक्षाच्या दक्षिणी सरदारांनीं कत्तल केली. तो प्रसंग भीषण आहे, पण त्याच्या तपशिलांत मुलाला अडकवूं नये. पुढें निजामशाहींत हें ठाणें भोसल्यांच्या जहागिरींत आलें, आणि शिवाजीमहाराजांच्या उदयकाळीं फिरंगोजी नरसाळा हा तेथील अंमलदार होता. तो महाराजांना मिळाला, आणि महाराजांनीं त्याला त्याच जागीं कायम केलें.

१६६० च्या मे महिन्यांत औरंगजेबाचा मामा शाएस्ताखान पुण्यांत येऊन बसला. उत्तरेकडून रसद यावयाची तर वाटेंत चाकणचा कांटा सलत होता. म्हणून २१ जून रोजीं तो जातीनें चाकणसमोर येऊन ठेपला. परंपरा सांगते कीं किल्ल्यांत तीनशें-साडेतीनशें माणसें होतीं. बाहेर मोगलांची फौज हजारोंनीं मोजावी अशी होती, मोठ्या तोफा होत्या, मोर्चे बांधणारे बेलदार होते. पाऊस मात्र कोणाच्याच बाजूचा नव्हता. मोर्चांत पाणी भरे, दारू भिजे. तरी खानानें काम थांबविलें नाहीं.

आणि शिवाजीमहाराज कोठें होते? मुलानें हा प्रश्न विचारलाच पाहिजे. न विचारल्यास बापानें तो विचारावा. महाराज त्या वेळीं पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यांत होते. १३ जुलैच्या रात्रीं ते निसटले, घोडखिंडींत बाजीप्रभूंनीं देह ठेविला, आणि महाराज विशाळगडीं पोहोंचले. म्हणजे एकाच पावसाळ्यांत दोन टोकांना दोन वेढे चालले होते. पन्हाळ्याची गोष्ट प्रत्येक मुलाला पाठ असते; चाकणची क्वचितच कोणाला. फिरंगोजीला मदत येणार नव्हती, आणि ती येणार नाहीं हें त्याला कळत नसेल असें मानण्यास जागा नाहीं.

चोपन्न दिवस गेले. १४ ऑगस्टला मोगलांनीं ईशान्येच्या बुरुजाखालीं पेरलेला सुरुंग उडविला. बुरूज त्यावरील माणसांसकट आभाळांत गेला, आणि खिंडारांतून मोगल आंत घुसले. तेथें त्यांची गांठ एका अनपेक्षित वस्तूशीं पडली. खिंडाराच्या मागें फिरंगोजीनें मातीचा दुसरा बांध घालून ठेविला होता. त्या बांधाआडून बाण, दारूचे गोळे, दगड ह्यांचा असा मारा झाला कीं ती रात्र मोगलांनीं तेथेंच, तटाच्या पायथ्याशीं, पडून काढली. दुसऱ्या दिवशीं मोगलांनीं पुन्हा हल्ला करून किल्ला घेतला. उरलेले लोक आंतल्या गढींत शिरले, आणि राव भावसिंग हाडा ह्याच्या मध्यस्थीनें ते खालीं आले. मोगलांकडे २६८ मेले, ६०० जखमी झाले. एवढ्याशा भुईकोटासाठीं!

येथें तो मुलगा विचारतो, "बाबा, मग किल्ला दिलाच कां?" सहलीचा खरा क्षण हाच. पुष्कळ वडील येथें गडबडतात, कारण आपण मुलांना जिंकलेल्या किल्ल्यांच्या गोष्टी सांगण्यास सरावलों आहों. पण उत्तर तेथेंच समोर आहे, आणि तें हिशेबाचें आहे. खानाला एक लहानसा भुईकोट घेण्यास ५६ दिवस लागले. सह्याद्रींत असे किल्ले किती, आणि त्यांतले डोंगरावरचे किती? हा हिशेब खानालाही आला असावा. कारण ह्यानंतर तो पुण्यास परतला आणि लाल महालांत मुक्काम ठोकून बसला. त्याच लाल महालांत ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं त्याचीं बोटें गेलीं आणि त्याचा मुलगा अबुल फत्ते मारला गेला.

खानानें फिरंगोजीच्या शौर्याची तारीफ करून त्याला बादशाही चाकरी देऊं केली. ती त्यानें नाकारली. चाकणला इस्लामाबाद असें नांव मिळालें, आणि फिरंगोजी रिकाम्या हातांनीं महाराजांकडे गेला. महाराजांनीं त्याचा सन्मान केला. गमावलेल्या किल्ल्याबद्दल किल्लेदाराचा सन्मान झाल्याचीं उदाहरणें इतिहासांत फारशीं नाहींत.

एवढ्यावर थांबतां आलें असतें तर बरें झालें असतें. परंतु ह्या फिरंगोजीच्या वाट्यास आणखी एक वेढा होता, आणि तो अधिक कठीण. १६७९ च्या एप्रिलमध्यें तो भूपाळगडावर होता. हल्ला करणारा दिलेरखान, आणि त्याच्या छावणींत स्वतः संभाजीराजे. तीन-चार महिन्यांपूर्वींच ते पित्याला सोडून मोगलांकडे गेले होते. धन्याच्या मुलावर तोफ डागावी कीं गड सोडावा? परंपरा म्हणते कीं फिरंगोजीचा हात चालला नाहीं आणि तो रात्रीं गडाबाहेर पडला. गड पडल्यावर दिलेरखानानें सुमारें ७०० लोकांचा एकेक हात तोडून त्यांना सोडून दिलें. हें लहान मुलाला सांगावें कीं नाहीं, तें ज्या त्या बापानें ठरवावें. त्याच वर्षाच्या अखेरीस संभाजीराजे दिलेरखानाची छावणी सोडून पन्हाळ्यास परत आले.

१८१८ सालीं चाकण इंग्रजांकडे गेलें आणि किल्ल्याचें लष्करी काम संपलें. दुपार कलली कीं ईशान्येच्या कोपऱ्याशीं मुलाला उभें करून बुरूज कोठें होता, खिंडार कोठें पडलें असेल, बांध कोठवर घातला असेल, हें त्याच्याकडूनच ठरवून घ्यावें. भूपाळगडाची गोष्ट परतीच्या वाटेसाठीं राखून ठेवावी. कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळेस रस्त्यावर वाहनांची रांग लागते, आणि मोशीचा पूल येईपर्यंत ती सांगून पुरी होते.