कुटुंब, भांडवल आणि नियंत्रण : मक्तेदारीविरोधी धोरणाचा इतिहास व हुपरीचा चांदी व्यवसाय

प्रस्तावना :
हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी सर्वदूर परिचित आहे. पैंजण, जोडवी असे दागिने येथे व रेंदाळ, यळगूड परिसरात घरोघरी घडविले जातात. येथे कुटुंब हे उत्पादनाचे एकक आहे. याउलट देशातील मोठ्या उद्योगसमूहांत कुटुंब हे नियंत्रणाचे एकक ठरले. या नियंत्रणाला आळा घालण्याच्या प्रयत्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कायद्याची वाटचाल :
मॅनेजिंग एजन्सी पद्धतीत अल्प भागभांडवल असलेले घराणेही अनेक कंपन्यांचा कारभार हाती ठेवू शकत असे. १९५६ च्या कंपनी कायद्याने या पद्धतीवर बंधने आणली आणि १९७० मध्ये ती संपुष्टात आली. १९६५ मध्ये मक्तेदारी चौकशी आयोगाने ७५ उद्योगसमूहांची नोंद केली होती. परवाना पद्धतीचा लाभ मोठ्या घराण्यांनाच अधिक झाल्याचे १९६९ मध्ये दत्त समितीने दाखविले. त्याच वर्षी संमत झालेल्या मक्तेदारी नियंत्रण कायद्याने २० कोटी रुपये मालमत्तेच्या समूहांना विस्तारासाठी शासनाची अनुमती आवश्यक केली. ही मर्यादा १९८५ मध्ये १०० कोटी झाली व १९९१ मध्ये रद्द झाली. कायद्याने प्रामुख्याने आकार मोजला. निर्णयाधिकार कोणाकडे, हा प्रश्न दुय्यम राहिला. २०१३ च्या कंपनी कायद्याने स्वतंत्र संचालक व संबंधित पक्षांतील व्यवहारांविषयी तरतुदी करून तो अंशतः हाती घेतला.

हुपरीचा संदर्भ :
हुपरीत मोठे औद्योगिक घराणे नाही, तरीही प्रश्न तोच आहे. जो कारागीर दुसऱ्याच्या चांदीवर मजुरीने काम करतो, त्याच्याकडे कौशल्य असते, पण मालाची किंमत ठरविण्याचा अधिकार नसतो. तो चांदी पुरविणाऱ्याकडे राहतो. त्यामुळे केवळ मोठ्यांचा विस्तार रोखल्याने लहानांना बळ मिळत नाही.

निष्कर्ष :
१९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी साखर कारखान्याची मालकीच आपल्याकडे घेतली. हुपरी-यळगूड येथील जवाहर सहकारी साखर कारखानाही याच परंपरेतील आहे. मात्र महाराष्ट्रातील अनेक सहकारी संस्थांत पुढे सत्ता मोजक्या घराण्यांभोवतीच केंद्रित झाली. म्हणून न्याय्य विकासासाठी मालकीचे स्वरूप बदलणे पुरेसे नाही. मोठ्या समूहांत नियंत्रण उत्तरदायी करणे आणि हुपरीसारख्या ठिकाणी कारागिराला स्वतःच्या चांदीसाठी सुलभ पतपुरवठा मिळणे, ही एकाच सुधारणेची दोन अंगे होत.