गिमवीचा काटा

दगडी शिलालेखांतूनच इतिहास वाचायचा असतो असे नाही. काही वेळा तो लघवीच्या गाळात सापडतो. हा धागा अशाच एका नोंदीविषयी.

गाव गिमवी, जिल्हा रत्नागिरी. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी येथील एका रोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. रोग्यांच्या लघवीतून रक्त जात असे. ही लक्षणे आफ्रिकेतून परतलेल्या सैनिकांत पूर्वी दिसली होती. इथला माणूस इथेच बाधित होतो, हे मात्र नवे होते.

पुरावा काचपट्टीवर होता. लघवी निवळू द्यायची, तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. (नमुना दुपारचा बरा, अंडी त्या वेळी अधिक पडतात.) सुमारे ०.१५ मिलिमीटर लांबीचे लंबगोल अंडे दिसते आणि त्याला एक काटा असतो. सारी ओळख त्या काट्यात आहे. तो टोकाला असेल तर शिस्टोसोमा हिमॅटोबियम, मूत्राशयाचा कृमी. बाजूला असेल तर शिस्टोसोमा मॅन्सोनाय, आतड्याचा, आणि त्याची अंडी शौचाच्या नमुन्यात शोधावी लागतात. गिमवीत काटा टोकाला होता.

हा कृमी थिओडोर बिलहार्झ याने १८५१ मध्ये कैरोत प्रथम पाहिला. १९१० मध्ये रफर याला त्याची अंडी इजिप्तच्या विसाव्या राजवंशातील ममींच्या मूत्रपिंडांत मिळाली. शिरूर तालुक्यातील इनामगावी, घोड नदीकाठी, ताम्रपाषाणयुगीन शेतकरी नांदत होते तोच हा काळ!

पण अंड्यातून निघालेली अळी थेट माणसात शिरत नाही. तिला आधी पाण्यातली विशिष्ट गोगलगाय लागते. तिच्यातून बाहेर पडलेल्या अळ्या मग उघड्या कातडीतून आत घुसतात. इजिप्तमधली वाहक गोगलगाय बुलायनस. ती कोकणात नव्हती, मग रोग टिकला कसा? १९५५ मध्ये याच जोडीने टोपीसारख्या शंखाची चिमुकली फेरिसिया टेनुइस ही वाहक असल्याचे मांडले. माझ्या मते खरा धक्का हा होता.

कारण प्रश्न आता पाटबंधाऱ्यांपर्यंत पोहोचला. इजिप्तमध्ये बारमाही कालवे आले, शेतकरी वर्षभर पाण्यात उतरू लागला आणि रोग फोफावला. आपल्याकडे दौंडच्या उसाला मुठा कालव्याचे पाणी होतेच, शिरूरकडे पुढे घोडचे धरण झाले. रात्री दारे धरणारा माणूस अनवाणी पाटात उभा असतो. त्या पाटात वाहक गोगलगाय असती, तर अळीला तेवढे पुरे होते.