रंगांना वाट करून देताना

आपल्या मराठीत 'ओतीव' हा शब्द चांगलाच रुळलेला आहे. ओतीव समई, ओतीव घंटा, ओतीव मूर्ती असे आपण सहज म्हणतो. ओतारी आधी साचा करतो, धातू वितळवतो आणि मग साच्यात ओततो. धातूने कुठे जायचे हे साच्याने आधीच ठरवलेले असते. आज मी ज्या कलेविषयी बोलणार आहे, तिच्यातही ओतणेच आहे, मात्र साचा नाही. पातळ केलेला ॲक्रिलिक रंग सपाट कॅनव्हासवर ओतायचा, कॅनव्हास थोडा कलता करायचा आणि रंगाला वाहू द्यायचे. इंग्रजीत तिला पोअरिंग म्हणतात आणि आपल्याकडेही तेच नाव प्रचारात आले आहे.

आमच्या मनीषनगरात वर्धा रोडच्या बाजूने रेल्वेचे रूळ ओलांडले की फ्लॅटच फ्लॅट लागतात. या फ्लॅटांच्या गॅलऱ्यांत हल्ली असे कॅनव्हास वाळत ठेवलेले दिसतात. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. त्यामुळे शेजारच्या मंडळींनी आग्रह केला आणि रविवारी सकाळी आमचा एक छोटा वर्ग सुरू झाला. तिथे पहिल्याच दिवशी दोन प्रश्न हटकून येतात. पहिला, "सर, हे जमेल का?" आणि दुसरा थोडा दबक्या आवाजात, "पण सर, ही खरी चित्रकला आहे का?" या दुसऱ्या प्रश्नाचे मूळ आपल्या शिक्षणात आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या कोणालाही विचारा. रंग रेषेबाहेर गेला की गुण गेले, हे आपल्या मनावर कायमचे कोरलेले असते. इथे तर रेषाच नाही. मग यात आपले कर्तृत्व ते काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे या कलेच्या इतिहासात सापडतात, म्हणून आधी थोडा इतिहास.

सुरुवात घरापासूनच करू. दिवाळीत पाण्यावरची रांगोळी तुम्ही पाहिली असेल. परातीतले पाणी पूर्ण स्थिर होऊ देतात, त्यावर कोळशाची वस्त्रगाळ पूड अलगद पसरतात आणि त्या काळ्या सायीवर रांगोळी काढतात. पाण्याखालची रांगोळी याच्या उलट असते. तिच्यासाठी थाळीला तेलाचा हात फिरवून त्यावर रांगोळी काढतात आणि वरून हळुवार पाणी सोडतात. कोणता पदार्थ तरंगेल, कोणता बुडेल आणि कोणता पाण्याला दूर ठेवील, याचे पक्के ज्ञान आपल्या घरातल्या बायकांना होते.

हेच ज्ञान कागदावर आले ते अब्रीच्या रूपाने. फारसीत अब्र म्हणजे ढग. चिकट केलेल्या पाण्यावर रंगाचे थेंब सोडायचे, ते ढगांसारखे पसरले की वर कागद टेकवून नक्षी उचलून घ्यायची. रंगाने बुडू नये, पसरावे, म्हणून त्यात पित्तासारखा पदार्थ मिसळत. तुर्कस्तानात आणि इराणात ही कला बहरली, पण तिचा एक अपूर्व आविष्कार आपल्या दख्खनेत, विजापूरच्या आदिलशाहीत, सतराव्या शतकात झाला. तिथल्या चित्रकारांनी अब्रीतून माणसे आणि प्राणी उभे केले. कागदाच्या ज्या भागावर रंग नको तो भाग आधी झाकून घ्यायचा आणि मोकळा भाग तेवढा रंगवायचा, अशी त्यांची रीत होती. हाडे वर आलेल्या घोड्यावर बसलेल्या तापसाचे असे एक चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. घोड्याच्या अंगावरची वळणे कोणी काढलेली नाहीत, ती पाण्यावर झालेली आहेत. पण ती घोड्याच्याच अंगावर यावीत, ही योजना चित्रकाराची. योगायोगाला कुठवर मोकळीक द्यायची, हे त्याने रंग सोडण्यापूर्वीच ठरवले होते.

आता एकदम १९३६ सालच्या न्यूयॉर्कमध्ये येऊ. मेक्सिकोचा प्रसिद्ध भित्तिचित्रकार डेव्हिड आल्फारो सिकेरोस याने तिथे एक प्रायोगिक कार्यशाळा चालवली. मोटारींना द्यायचा सेल्युलोजचा रंग तो आडव्या फळ्यांवर ओतत असे. एका रंगावर दुसरा रंग ओतला की दोन्ही एकमेकांत घुसून जाळीदार, पेशींसारखे आकार तयार होतात, हे त्याच्या ध्यानात आले. या पद्धतीला त्याने अपघाती चित्रण असे नाव दिले. त्या कार्यशाळेत जॅक्सन पोलॉक नावाचा एक तरुण होता. जमिनीवर कॅनव्हास अंथरून रंग ठिबकवणारा चित्रकार म्हणून पुढे तो जगभर गाजला.

सिकेरोसच्या या अपघाताची उकल २०१५ साली मेक्सिकोतल्याच संशोधकांनी प्रसिद्ध केली. कारण अगदी साधे आहे. जड द्रव हलक्या द्रवाच्या वर ठेवला तर तो तिथे टिकत नाही. जड खाली उतरू पाहतो, हलका वर येऊ पाहतो आणि या चढउतारात नक्षी उमटते. हलका वर आणि जड खाली असेल, तर फारसे काही घडतच नाही. आपल्या कामाचा पहिला धडा इथे मिळतो. पांढऱ्या रंगात टिटॅनियमचे संयुग असते आणि त्याची पूड पाण्याच्या सुमारे चौपट जड असते. काळ्या रंगातला कार्बन त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून सारख्याच पातळ केलेल्या रंगांपैकी पांढरा वर ओतला तर जाळी पडण्याचा संभव अधिक. नवशिक्यांना जे नशीब वाटते, ते पुष्कळ अंशी वजन असते.

ॲक्रिलिक रंग मात्र सिकेरोसच्या हाती नव्हता. चित्रकारांसाठीचे पहिले ॲक्रिलिक रंग अमेरिकेत १९४०च्या दशकाच्या अखेरीस आले आणि ते टर्पेंटाइनसारख्या द्रावकात पातळ करावे लागत. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक १९५५च्या सुमारास सिनसिनाटी शहरात हेन्री लेव्हिसन याच्या कंपनीने लिक्विटेक्स या नावाने बाजारात आणला. मधल्या काळात वॉशिंग्टनच्या मॉरिस लुईस या चित्रकाराने पातळ ॲक्रिलिक कोऱ्या कापडावर ओतून मोठमोठी चित्रे केली. ती त्याने कुठे केली असतील? आपल्या घरातल्या सुमारे १२ फूट बाय १४ फुटांच्या जेवणाच्या खोलीत! त्याचे कित्येक कॅनव्हास खोलीपेक्षा मोठे होते. 'आमच्याकडे जागा नाही हो' असे कोणी म्हणाले की मी त्यांना लुईसची गोष्ट सांगतो.

ॲक्रिलिकच्या या प्रवासात नागपूरशी नाते असलेला एक मोठा चित्रकारही आहे. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कला विद्यालयात शिकले. पुढे ते पॅरिसला गेले आणि १९६२ साली अमेरिकेत बर्कलीला शिकवून आल्यानंतर तैलरंगांकडून ॲक्रिलिककडे वळले. 'सौराष्ट्र' हे त्यांचे १९८३ सालचे गाजलेले चित्र ॲक्रिलिकमधलेच. रझांनी रंग ओतले नाहीत, ब्रशनेच लावले. पण प्लॅस्टिकचा म्हणून हिणवला जाणारा हा रंग किती गंभीर काम पेलू शकतो, ते त्यांच्या चित्रांत दिसते. आपल्याकडे हे रंग आता कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतात. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या उद्योगाचे 'कॅमल' रंग तर शाळेच्या दप्तरापासून आपल्या ओळखीचे आहेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम छोटा कॅनव्हास घ्या, १० बाय १२ इंचांचा पुरे. चौरस इंचाला साधारण दोन मिलीलिटर असा हिशेब धरला, तर एकंदर २४० मिलीलिटर मिश्रण लागेल. त्यातले बरेचसे कडेवरून खाली गळणार, म्हणून खाली परात किंवा जाड प्लॅस्टिक हवे, आणि कॅनव्हास चार उपड्या पेल्यांवर उचलून ठेवायला हवा. मिश्रणासाठी तयार पोअरिंग मीडियम मिळते. ते महाग वाटले तर सरावापुरता पांढरा फेव्हिकॉल चालतो. दोन भाग फेव्हिकॉलमध्ये एक भाग पाणी घालून ते एकजीव करावे आणि त्याचे दोन भाग घेऊन त्यात एक भाग रंग मिसळावा. हे सरावापुरतेच, कारण गोंदाचे चित्र पुढे पिवळे पडू शकते आणि ठिसूळही होते. नुसते पाणी ओतून रंग पातळ करू नये. रंगाला धरून ठेवणारा चिकटपणा विरळ झाला की वाळल्यावर पापुद्रे सुटतात.

मिश्रण किती पातळ हवे, हा सगळ्यांत नाजूक भाग. काडीवरून त्याची काकवीसारखी अखंड धार पडली पाहिजे, आणि पडलेल्या धारेची वळी क्षणभर दिसून विरली पाहिजे. वळी तशीच राहिली तर रंग दाट आहे. ती दिसलीच नाही तर पातळ झाला आहे. सगळे रंग एकाच दाटपणाचे करावेत. ढवळताना घाई करू नये, फेस होतो. ढवळून झाल्यावर दहा मिनिटे ठेवले की बुडबुडे वर येऊन फुटतात. रंग तीनच घ्यावेत आणि जोडीला पांढरा. लाल-हिरवा, निळा-नारिंगी अशा जोड्या शेजारी आल्या की त्यांचा चिखल होतो. मध्ये पांढऱ्याचा थर द्यावा. मोठ्या पेशी हव्यात म्हणून काही जण सिलिकॉन तेलाचे थेंब घालतात. अब्रीतल्या पित्ताचेच हे भावंड. मात्र एकदोन थेंबांवर जाऊ नये, आणि चित्र वाळल्यावर ते तेल पुसून काढल्याशिवाय वॉर्निश लावू नये, धरत नाही.

ओतून झाले की कॅनव्हास सावकाश कलता करावा, एका कोपऱ्याकडे नेऊन पुन्हा मध्यावर आणावा आणि मग दुसरा कोपरा धरावा. खरी परीक्षा पुढेच असते. समोर सुंदर नक्षी दिसत असते आणि हात म्हणतो, अजून थोडे हलवू. तिथेच थांबावे. पहिल्या दिवशी बिघडणाऱ्या दहा चित्रांपैकी बहुतेक त्या 'अजून थोड्या'नेच बिघडतात.

आणि नागपूरकरांसाठी खास सूचना. पुस्तकांतल्या आणि व्हिडिओंतल्या कृती बहुधा थंड मुलखातल्या असतात. आपल्या मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, कूलरचा झोत सुटलेला असतो आणि लू धूळ घेऊन येते. अशा हवेत रंगाचा वरचा थर आधी सुकतो, खालचा ओलाच राहतो आणि मग वर भेगा पडतात. तेव्हा उन्हाळ्यात भल्या पहाटे काम करावे, कूलर-पंख्याच्या झोतात चित्र ठेवू नये, आणि त्यावर भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका उपडा घालावा. धूळही बसत नाही आणि सुकणेही सावकाश होते. पावसाळ्यात उलट दोन-तीन दिवस जास्त धरावेत. चित्र ठेवण्याची जागा लेव्हलच्या नळीने तपासावी. फरशी थोडीशी उतरती असली तरी रात्रीतून सगळी नक्षी एका कडेला जमा होते. पूर्ण पक्के व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, वॉर्निश त्यानंतरच.

आमच्या वर्गात एक काका येतात. आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी सरळ रेषा ओढल्या. पुढे कंपवाताने हात थरथरू लागला आणि पेन्सिल सुटली. मुलीने त्यांना बळेच वर्गात आणले. पहिले दोन रविवार ते नुसते बसून होते. तिसऱ्या रविवारी त्यांनी घरून स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि प्रत्येक रंग ग्रॅममध्ये मोजून वहीत टिपला. ओतताना हात थरथरला, पण रंगाला त्याचे काही वाटले नाही. कलते करताना त्यांनी कॅनव्हास दोन्ही हातांनी धरला आणि नेमके जिथे थांबायचे तिथे ते थांबले. त्यांच्या वहीत आता चाळीसेक प्रयोग आहेत, आणि तरुण मंडळी प्रमाण विचारायला माझ्याऐवजी त्यांच्याकडे जातात. हाताची थरथर वाढली. पण चाळीस वर्षांची मोजण्याची शिस्त कुठे गेली नव्हती.

यातच 'ही खरी चित्रकला आहे का' या प्रश्नाचे माझे उत्तर आहे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरातच झाला. ते रंग ओतणारे नव्हते. रोलर आणि पॅलेट नाईफ ही त्यांची हत्यारे. रंगाचा थर चढवायचा, काढायचा, पुन्हा चढवायचा, असे त्यांचे काम चाले. रंग पृष्ठभागावर आपणहून काय करतो, याला त्यांनी चित्रात मानाची जागा दिली. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. २००१ साली ते गेले, आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यांच्या चित्रांतली शांतता योगायोगाने आलेली नाही. हाताला विराम देण्याचे बळ त्यांनी कमावलेले होते. विजापूरच्या चित्रकाराने झाकलेला कागद आणि आमच्या काकांची वही या त्याच जातीच्या गोष्टी आहेत. योगायोग सगळ्यांकडेच येतो, पण त्याच्या स्वागताची तयारी ज्याची त्याला करावी लागते. ती ज्याने केली, त्याने ओतलेला रंग चित्र होतो. बाकीचा नुसता सांडतो.

आता एवढेच सांगून थांबतो. परातीत गळलेला रंग मोरीत ओतू नका. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच. ते नळात साचते आणि पुढे नाल्यातून नदीला मिळते. आपल्या नाग नदीला आधीच पुरेसे सोसावे लागले आहे. उरलेला रंग प्लॅस्टिकच्या कागदावर पसरून वाळू द्या. दोन दिवसांनी त्याची रबरासारखी पातळ साल सोलून निघते. तिचे तुकडे कापून मुले शुभेच्छापत्रांवर चिकटवतात, आणि तेही नको असेल तर ती सुक्या कचऱ्यात टाकता येते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)